मालवाहू गाडीच्या इंजिनाचे बळ आणि आयुष्य

व्यापारात मालाइतकेच मालाच्या वाहतुकीला महत्त्व आहे, हे आमच्या सभासद बंधूंस नव्याने सांगावयास नको. बेळगावच्या पेठेतून गोव्याकडे जाणारा किराणा असो, इंदूरच्या बाजारातून आसपासच्या गावी निघालेले कापड असो, की वडोदऱ्याहून वा हैदराबादेहून रवाना होणारी भांडी असोत, माल वेळेवर पोहोचला नाही तर भावही हातचा जातो आणि गिऱ्हाईकही जाते. हा भार पूर्वी बैलगाडीने वाहिला, पुढे रेल्वेच्या मालधक्क्याने वाहिला. आज दुकानाच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंतचा बराचसा भार पिकअप नावाच्या लहान मालमोटारीवर येऊन पडला आहे. आपण तिला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. हा शब्द मूळचा जर्मनीतील हॅम्बर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव होय. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली, तिची तीनचाकी गाडी गावोगाव पोहोचली, आणि एका कारखान्याचे विशेषनाम आमच्या भाषेत सामान्यनाम होऊन बसले.

या गाड्यांच्या इंजिनात गेल्या काही दशकांत मोठे स्थित्यंतर झाले आहे. इंजिनाचा आकार वाढविण्याऐवजी त्यास टर्बोचार्जर जोडून लहान आकारातून अधिक बळ काढण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली. बळाविषयी कोणाची तक्रार नाही. शंका आहे ती आयुष्याविषयी. 'लहान इंजिनावर एवढा जोर लादल्यावर ते टिकेल किती?' हा प्रश्न गाडी घेताना प्रत्येक सभासद विचारतो, आणि तो विचारणे रास्तच आहे. गाडी बहुधा कर्जाने घेतली जाते. पहिली चार-पाच वर्षे ती बँकेसाठी धावते. हप्ते फिटल्यानंतरची वर्षे तेवढी मालकाच्या कमाईची. इंजिन नेमके त्याच वेळी बसले, तर ज्याची एकच गाडी आहे अशा लहान व्यापाऱ्याचा सारा हिशेब उलटा होतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा साकल्याने विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. लोहार भाता मारतो तेव्हा भट्टीत हवा अधिक जाते आणि कोळसा अधिक प्रखर जळतो. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरमध्ये जितकी हवा कोंबावी तितके अधिक इंधन त्यात जाळता येते. टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता होय. मात्र तो हलविण्यास वेगळा माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलरमधून नेऊन थंड करतात.

योजना सोपी असली तरी त्या यंत्राची स्थिती मोठी कठीण असते. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याचे एक टोक डिझेल इंजिनात सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या धुरात असते, पेट्रोल इंजिनात त्याहूनही अधिक तापते. दुसरे टोक वीतभर अंतरावर बाहेरच्या हवेत असते. दोहोंच्या मधला दांडा तेलाच्या एका पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही आणि झीजही जवळजवळ होत नाही. तो थर तुटला की काही क्षणांत अनर्थ होतो. टर्बोचार्जरच्या आयुष्याचे बरेचसे रहस्य या तेलाच्या थरात साठविलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ही कल्पना आजची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर विमानाच्या इंजिनास टर्बोचार्जर लावून परीक्षा घेण्यात आली, कारण विरळ हवेत इंजिनाचे बळ घटते आणि ते भरून काढणे हा या यंत्राचा स्वाभाविक गुण आहे. पुढे १९२० नंतरच्या दशकात ते जहाजांच्या डिझेल इंजिनांस लाभले, आणि तेथून रेल्वेची इंजिने व मोठ्या मालमोटारी यांपर्यंत आले.

सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती ते पडले तेव्हा मात्र निराळाच अनुभव आला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जरची मोटार बाजारात आली. दाबलेल्या हवेमुळे पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून तीत पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारण्याची सोय होती. ती टाकी वेळोवेळी भरणे हे मालकाचे काम. पुष्कळ मालकांनी ती रिकामीच ठेविली. दोन वर्षांत ते वाहन बंद झाले, आणि कित्येकांनी टर्बोचार्जर काढून टाकून साधी व्यवस्था बसवून घेतली. त्या यंत्रात बुद्धी कमी नव्हती. परंतु त्याचे आरोग्य मालकाच्या अशा एका सवयीवर अवलंबून होते, जी सवय मालकांना नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण १९८९ सालचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसविले. हे इंजिन १९८४ पासून शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांसाठी तयार होत होते. ओतीव लोखंडाचा जाड ठोकळा, साखळीऐवजी दातेरी चाकांनी फिरणारा कॅमशाफ्ट, आणि सावकाश फिरण्याची वृत्ती, अशी त्याची घडण होती. टर्बोचार्जर असूनही त्याच्याकडून केवळ १६० अश्वशक्तीची अपेक्षा होती. या पिढीची इंजिने दीर्घायुषी म्हणून नावाजली गेली आणि जुन्या गाड्यांनाही मागणी राहिली. ती निर्दोष होती असे नाही. पुढच्या भागातील एक लहानशी खुंटी सैल होऊन दातेरी चाकांत पडण्याचा धोका असे. १९९८ नंतरच्या काही वर्षांत इंधनाचा पंप निकामी होण्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. परंतु या दोन्ही दोषांशी टर्बोचार्जरचा संबंध नव्हता. याच कमिन्स कंपनीचे नाते पुण्याशी १९६२ पासून जडले आहे, आणि १९९३ साली टाटांच्या भागीदारीत निघालेल्या कारखान्यातून याच घराण्याची इंजिने आपल्या देशातील मालमोटारींत बसली, हे आमच्या वाचकांस आठवत असेल.

तिसरे उदाहरण फोर्ड कंपनीचे. तिने २०११ च्या एफ-१५० पिकअपमध्ये ३.५ लिटरचे, दोन टर्बोचार्जरांचे, इकोबूस्ट नावाचे पेट्रोल इंजिन आणले. त्याचे बळ ३६५ अश्वशक्ती. अमेरिकेतील पिकअपवाल्यांची श्रद्धा आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनावर. ती ढळविण्यासाठी कंपनीने एक परीक्षा जाहीरपणे घेतली. कारखान्याच्या रांगेतून एक इंजिन उचलले, चाचणीच्या चौथऱ्यावर त्याला दीड लाख मैलांच्या वापराइतके राबविले, तेच इंजिन गाडीत घालून ऑरेगॉनच्या जंगलात लाकडाचे ओंडके ओढविले, सुमारे ५,१०० किलोंचे ओझे जोडून फ्लोरिडातील शर्यतीच्या मार्गावर चोवीस तास पळविले, आणि २०१० च्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीत उतरविले. शेवटी जानेवारी २०११ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांच्या समक्ष ते खोलून सुटे भाग मांडले. झीज अल्प आढळली.

इतके झाल्यावर शंका मिटावयास हवी होती. परंतु पुढील वर्षांत जे दोष दिसून आले ते या परीक्षेत दिसलेच नव्हते. दमट हवेत इंटरकूलरमध्ये पाण्याचा अंश साचे आणि एकाएकी वेग वाढविताच इंजिन अडखळे. काही गाड्यांत टायमिंगची साखळी लांबली. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांवर काजळी बसण्याचा संभव राहिला. २०१७ पासूनच्या सुधारित आवृत्तीत फवारणीची दुहेरी योजना करून काजळीवर उपाय केला गेला. पण २०१७ ते २०२० या वर्षांच्या इंजिनांत थंडीत चालू करताना कॅमशाफ्टच्या वेळ बदलणाऱ्या भागांचा खडखडाट ऐकू येऊ लागला आणि कंपनीस २०२१ मध्ये त्यासाठी खास योजना काढावी लागली.

या विसंगतीचा अर्थ काय? आमच्या मते अर्थ सरळ आहे. परीक्षेत अंतर मोजले गेले. काळ मोजला गेला नाही. दहा वर्षांचे श्रम काही महिन्यांत करून घेता येतात, परंतु दहा वर्षांचे वय काही महिन्यांत आणता येत नाही. जे इंजिन दिवसरात्र तापलेले राहते, ज्याचे तेल तज्ज्ञ वेळेवर बदलतात, ते एका दृष्टीने सुखातच असते. खरी कसोटी रोज सकाळी थंड इंजिन चालू करून दोन मैलांवर माल टाकून पुन्हा बंद करणाऱ्या गाडीची, तेल बदलण्याचा दिवस दोन महिने पुढे ढकलणाऱ्या मालकाची, आणि रबराच्या नळ्या उन्हापावसात कडक होत जाणाऱ्या सातव्या-आठव्या वर्षाची असते.

वरील दोन इंजिनांची तुलना व्यापारी पद्धतीने, म्हणजे दर काढून, करून पाहावी. कमिन्सच्या १९८९ च्या इंजिनातून लिटरमागे सुमारे २७ अश्वशक्ती घेतली जात होती. फोर्डच्या २०११ च्या इंजिनातून लिटरमागे सुमारे १०४. टर्बोचार्जर दोघांसही आहे, मागणी मात्र जवळजवळ चौपट आहे. एक डिझेल व दुसरे पेट्रोल, एक सावकाश व दुसरे वेगाने फिरणारे, म्हणून ही तुलना सर्वस्वी समतोल नाही हे आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या इंजिनाकडून अधिक मागावे त्याची अधिक काळजी घ्यावी लागते, एवढा बोध तीतून निःसंशय निघतो. आपल्याकडील रूढ डिझेल पिकअपांत सुमारे अडीच लिटरच्या इंजिनातून सत्तर-ऐंशी अश्वशक्ती घेतात. हा दर लिटरमागे तीसच्या आसपास पडतो. म्हणजे 'टर्बो' हे नाव ऐकूनच घाबरण्याचे कारण आपल्या व्यापाऱ्यास नाही.

आणखी एक अलीकडची घटना सांगणे अगत्याचे आहे. टोयोटा कंपनीने टंड्रा पिकअपमधील आठ सिलिंडरांचे जुने इंजिन २०२२ च्या आवृत्तीपासून बाजूस सारून दोन टर्बोचार्जरांचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. २०२४ साली तिला अमेरिकेतील एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण असे निघाले की कारखान्यात धातू कापताना राहून गेलेला कचरा इंजिनात अडकून मुख्य बेअरिंगांची हानी होत होती. लोकांनी दोष टर्बोचार्जरच्या माथी मारला, पण गुन्हेगार होता तो साफसफाईतील ढिलाईचा. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या घराण्यातही असे घडू शकते. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता नव्या इंजिनाची पहिली दोन-तीन वर्षे बाजारात कशी जातात हे पाहून खरेदी करणे शहाणपणाचे ठरते.

आता मालकाच्या हाती काय आहे ते पाहू. प्रथम तेल. कंपनीच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल तेच घालावे, आणि धूळ, घाट व भरलेला माल हा ज्या गाडीचा नित्यक्रम आहे तिने पुस्तकातील कठीण वापरासाठीची मुदत पाळावी. पेट्रोल इंजिनांत तेलाच्या जातीचे महत्त्व विशेष आहे. लहान टर्बो इंजिनावर कमी वेगात जास्त भार पडला असता इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचा जो प्रकार होतो, त्यात तेलातील घटकांचाही हात असतो असे आढळल्यावर २०१८ पासून तेलाची प्रमाणे त्यासाठी सुधारण्यात आली.

दुसरी हवा. हवेच्या जाळीस फट पडली किंवा नळी सैल झाली की धूळ सरळ फिरत्या चक्रावर आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. दाबलेल्या हवेची नळी फुटली तर काळा धूर येतो, धुराचे तापमान वाढते आणि टर्बोचार्जर उणीव भरून काढण्यासाठी अधिकच वेगाने फिरतो. काळा धूर, निळा धूर आणि नवी शीळ या तीन खुणा चालकास ओळखता आल्या पाहिजेत.

तिसरी उष्णता. गोव्याहून भरलेली गाडी चोर्ला घाट चढून समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावाकडे येते. घाट चढताच चहासाठी थांबून चटकन किल्ली फिरविली, तर तेलाचा पुरवठा बंद होतो. तापलेल्या चक्राची धग मात्र दांड्याकडे येतच राहते आणि तेथले तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून मोठ्या चढानंतर इंजिन मिनिटभर, दोन मिनिटे संथ चालू ठेवून मगच बंद करावे. तसेच सकाळी चालू करताच लगेच जोर न देता अर्धा मिनिट थांबावे. या दोन सवयींस एक पैसा लागत नाही.

चौथे इंधन. आधुनिक डिझेल इंजिनात इंधन प्रचंड दाबाने फवारले जाते आणि पंपाचे वंगण म्हणून डिझेलच काम करते. त्यात पाणी वा भेसळ असली तर आधी पंप जातो, मग फवारा बिघडून पिस्टनला भोक पडते. लिटरमागे रुपया-दोन रुपये वाचविण्यासाठी संशयास्पद ठिकाणी डिझेल भरणे म्हणजे खोट्या नाण्यास भुलून खरे सोने देणे होय.

पाचवी गोष्ट एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांची. त्यापुढील अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती गाळणी तापून काजळी जळावी यासाठी गाडी अधूनमधून सलग धावावी लागते. केवळ गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीत ही क्रिया अर्धवट राहते आणि जादा फवारलेले डिझेल तेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये; तेल पातळ झाल्याची ती खूण आहे. ज्याचे काम शहरातल्या शहरात आहे त्याने सी.एन.जी. अथवा विजेच्या गाडीचाही विचार अवश्य करावा.

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे, पण ती आपसांत बोलली पाहिजे. इंजिन बसले की आपण चालकास बोल लावतो. परंतु गाडीवर दीडपट माल चढविण्याचा हुकूम कोण देतो? 'बाजार उठायच्या आत पोहोच' असा फोन कोण करतो? तेल बदलण्यासाठी एक दिवस गाडी उभी ठेवण्यास कोणाचे मन तयार होत नाही? जादा भारास २०१९ च्या कायदेदुरुस्तीने वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठेविला आहे. तो चुकविता येईलही, पण इंजिन जो दंड वसूल करते तो कोणासही चुकत नाही. शिवाय त्या गाडीत बसलेल्या चालकाचे प्राण त्याच ब्रेकांवर आणि त्याच चाकांवर अवलंबून असतात. त्याचा जीव आपल्या घाईहून मोलाचा आहे.

आमची सूचना इतकीच की दुकानाच्या रोजकिर्दीप्रमाणे प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तेल कधी बदलले, कोणते घातले, जाळी कधी बदलली, मध्ये किती तेल वाढवावे लागले, हे तारखेसह चालकाच्याच हाताने लिहवून घ्यावे. दोन तेलबदलांच्या दरम्यान वाढवाव्या लागणाऱ्या तेलाचे प्रमाण चढत चालले की इंजिन आपले म्हातारपण आगाऊ कळवीत आहे असे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही रंगापेक्षा अशी वही पाहावी, आणि विकताना ती दाखवावी. नीट ठेवलेल्या वहीची किंमत गिऱ्हाईक आनंदाने देते. आपण घसारा दरवर्षी कागदावर मांडतो. पण खरा घसारा गाडीच्या पोटात चालू असतो, आणि तो किती मांडावयाचा हे पुष्कळ अंशी आपल्याच हाती असते.

टर्बोचार्जरचे इंजिन टिकते काय, या प्रश्नास आमचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र ते जुन्या मोठ्या इंजिनाप्रमाणे हेळसांड सहन करीत नाही. उत्तम गुमास्त्यासारखे ते थोड्या पगारात पुष्कळ काम करते, आणि त्याच्या वाट्याचे त्यास वेळेवर मिळाले पाहिजे एवढीच त्याची अट असते. आमच्या सभासदांच्या गाड्या हप्ते फिटल्यानंतरही अनेक वर्षे सुखरूप धावोत, आणि त्या हाकणारे हात रोज संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचोत, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.